एकाच वाटेवरून दोनदा

गोल्फ हा खेळ तुमच्यापैकी बहुतेकांनी दूरचित्रवाणीवर, तोही वाहिनी बदलता बदलता, क्षणभर पाहिला असेल. हिरवळीचा विस्तीर्ण पट्टा, टोपी घातलेला एक गृहस्थ, पडद्यावर जवळजवळ न दिसणारा पांढरा चेंडू, आणि सभोवार विलक्षण शांतता. हा श्रीमंतांचा खेळ आहे अशी तुमची समजूत असेल, तर ती खोडून काढण्याचा माझा विचार नाही. ती बरीचशी खरी आहे. पाटबंधारे खात्यात ३४ वर्षे नोकरी केलेला माझ्यासारखा मनुष्य या खेळाकडे वळला तो योगायोगाने. शेवटची बदली देशावरच्या ज्या जिल्ह्याच्या गावी झाली तिथे गावाबाहेर एक जुने मैदान होते, वर्गणी बेताची होती, आणि माझ्या गुडघ्यांनी बॅडमिंटनला नकार दिला होता. तेव्हापासून ११ वर्षे मी हा खेळ खेळतो आहे. खेळतो आहे, याहून अधिक काही म्हणवत नाही.

पुढचे समजण्यासाठी तुम्हाला या खेळाची फार थोडी माहिती पुरेल. जमिनीत सव्वाचार इंच व्यासाचा एक खळगा असतो. दीडशे ते पाचशे यार्डांवरून चेंडू मारत मारत त्यात घालायचा आणि त्यासाठी किती फटके लागले ते मोजायचे. तो खळगा आणि तिथवरचा सारा पल्ला या दोहोंना मिळून खेळाडू ‘होल’ म्हणतात. प्रत्येक होलला किती फटके पुरावेत याचा आकडा ठरलेला असतो, तो ‘पार’. फटके जितके कमी तितका खेळ चांगला. शाळेपासून निवृत्तीपर्यंत अधिक गुण मिळवण्याची सवय लागलेल्या माणसाला हे उलटे गणित अंगवळणी पडायला वेळ लागतो. असे अठरा होल झाले की एक फेरी पुरी होते.

अठराच का, हा प्रश्न माझ्यातल्या इंजिनियरला सुरुवातीलाच पडला होता. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे समुद्रकाठच्या अरुंद पट्टीवर खेळाडू आधी एका दिशेने खेळत जात आणि त्याच वाटेने खेळत परत येत. जाताना अकरा, येताना अकरा, अशी बावीस होलांची फेरी होई. १७६४ मध्ये सुरुवातीच्या चार होलांचे दोन करण्यात आले, आणि जाता-येता नऊ-नऊ मिळून अठरा झाले. तोच आकडा पुढे जगाने उचलला. म्हणजे ज्याला आज परिपूर्ण फेरी म्हणतात, ती मुळात एकाच वाटेवरून दोनदा केलेली चाल आहे.

आमच्या मैदानाला सेंट अँड्र्यूजसारखी वंशावळ नाही, पण ही चाल मात्र आहे. कातळावर फूटभर माती टाकून केलेले ते नऊच होलांचे मैदान आहे. कडेने कडुनिंब आणि बाभळी, मधून पावसाळ्यापुरता वाहणारा एक ओढा, आणि वर्षभर तारस्वरात ओरडणाऱ्या टिटव्या. पूर्वी येथे खळग्याभोवती गवतही नव्हते. तेल मिसळलेली वाळू पसरलेली असे आणि तिला ‘ब्राउन’ म्हणत. आता गावाचे सांडपाणी शुद्ध करून त्यावर खळग्याभोवतीचे गवत, म्हणजे ‘ग्रीन’, जोपासले जाते. उरलेले मैदान उन्हाळ्यात पिवळे पडते आणि ते तसे पडू दिले जाते. आयुष्यभर शेतकऱ्यांच्या पाणीपाळ्या ठरवलेल्या माणसाला ही व्यवस्था पटली नसती, तर तो येथे रमला नसता. नऊच होल असल्यामुळे अठरांची फेरी करायची तर तीच वाट दोनदा चालावी लागते. मोठ्या शहरांतल्या मैदानांवर खेळणारे लोक याबद्दल आमची थोडी कीव करतात. मला विचाराल, तर आमच्या मैदानाची खरी श्रीमंती हीच. तोच ओढा, तेच झाड, तोच उतार दोन तासांनी पुन्हा समोर येतो. मधल्या काळात बदललेले असते ते फार थोडे, आणि त्या थोड्याने किती फरक पडला याचा हिशेब तिथल्या तिथे मिळतो.

गेल्या मार्गशीर्षातल्या एका रविवारी हा हिशेब विलक्षण लागला. पहिल्या नऊ होलांना मला ५६ फटके लागले, आणि त्याच नऊ होलांना दुसऱ्यांदा ४४. नऊ होलांचा पार ३५ आहे, हे लक्षात घ्या, म्हणजे पहिला आकडा किती वाईट आणि दुसरा माझ्या मानाने किती चांगला ते कळेल. बेरीज नेमकी १००. हौशी खेळाडूंच्या जगात शंभर हा वेशीवरचा दगड आहे. ९९ झाले तर आठवडाभर मिशीतल्या मिशीत हसावे, १०१ झाले तर वाऱ्याला दोष द्यावा. शंभराचे काय करावे हे कुणी ठरवून ठेवलेले नाही.

एकाच माणसाने, एकाच सकाळी, त्याच जमिनीवर बारा फटक्यांच्या अंतराने खेळावे, याचे कारण शोधण्याचा मोह मला आवरत नाही. काही कारणे सरळ आहेत. सकाळी सात वाजता आम्ही सुरुवात केली तेव्हा ग्रीनवर इतके दव होते की घरंगळत गेलेल्या चेंडूमागे गवतावर काळसर रेघ उमटत होती. ओल्या गवतात चेंडू अडतो. खळग्याच्या रोखाने हलकेच ढकललेला चेंडू दर वेळी दोन हात अलीकडेच थांबत होता. थंडीत चेंडूही हवेतून कमी जातो. नऊ वाजेतो ऊन चढले, दव वाळले, बोटे मोकळी झाली. पण दवाने फार तर चार फटके खाल्ले असतील, थंडीने दोन. उरलेल्या सहांचा जमाखर्च हवामानखात्याच्या वहीत सापडत नाही.

तिसरा होल घ्या. हा सर्वांत आखूड. ओढ्याच्या अलीकडून मारलेला चेंडू एकाच फटक्यात पलीकडच्या ग्रीनवर पडावा अशी अपेक्षा. पहिल्या वेळी मी ओढ्याकडे पाहिले. ओढा कोरडा होता, त्यात नेहमीची गुळगुळीत दगडगोट्यांची रास होती, आणि चेंडू त्यात जाईल हे मला मारण्याआधीच ठाऊक होते. तो गेला. सहा फटके. दुसऱ्या वेळी त्याच जागी उभा राहिलो तेव्हा ओढा तिथेच होता, परंतु तो मला दिसला नाही. पलीकडच्या निशाणाचे फडके तेवढे दिसले. तीन फटके. या दोन उभे राहण्यांत नेमके काय घडले हे सांगता आले असते, तर मी हा निबंध लिहिण्याऐवजी शिकवण्या घेतल्या असत्या.

एक गोष्ट मात्र घडली होती आणि ती सांगितली पाहिजे. नऊ होल झाल्यावर आम्ही चहाला थांबलो. आम्ही म्हणजे मी, माझे सोबती असलेले एक दंतवैद्य, आणि आम्हा दोघांचे कॅडी. कॅडी म्हणजे खेळाडूची काठ्यांची पिशवी वाहणारा, चेंडू कुठे पडला ते पाहून ठेवणारा, कोणती काठी घ्यावी ते सुचवणारा माणूस. दंतवैद्यांचा कॅडी एक विशीतला मुलगा होता. माझे कॅडी साठी ओलांडलेले. सारे मैदान त्यांना ‘मामा’ म्हणते, मीही म्हणतो. मामा चहाचा पेला दोन्ही हातांत धरून म्हणाले, “साहेब, उजवा खांदा आधी फिरतोय. काठी खाली यायच्या आधी खांदा पुढं पळतोय. आणि मूठ लई आवळताय.” एवढेच. त्यांनी उपदेश केला नाही, धीर दिला नाही. मी मूठ सैल केली आणि खांदा मागे धरला, आणि दुसऱ्या फेरीचा पहिला चेंडू सरळ गेला.

मामांबद्दल आणखी थोडे सांगतो, कारण पुढचे सारे त्यांच्याविषयी आहे. बारा वर्षांचे असताना ते शेजारच्या वाडीतून या मैदानावर आले. ब्राउनच्या दिवसांत खेळाडूंची पावले उमटलेली वाळू गोणपाट ओढून सपाट करणे हे त्यांचे पहिले काम. पुढे पिशवी खांद्यावर आली आणि मग तीच राहिली. त्यांची सर्वांत मोठी ख्याती ग्रीनचा उतार ओळखण्याची. मी स्वतः डम्पी लेव्हल लावून कालव्यांची आखणी केलेली आहे. पाच हजार फुटांत एक फूट एवढा मंद उतार काढून देणे हे माझे रोजचे काम होते. परंतु दहा पावलांच्या ग्रीनवर चेंडू डावीकडे वळेल की उजवीकडे, हे मला आजही खात्रीने सांगता येत नाही. मामा ग्रीनच्या कडेला चपला काढतात, चेंडूपासून खळग्यापर्यंत अनवाणी चालत जातात, आणि सांगतात, “दीड कप डावीकडून.” कप म्हणजे त्या खळग्याची रुंदी, कॅडींचे माप तेच. ११ वर्षांत हे दीड कप कधी दोन निघाल्याचे मला स्मरत नाही.

आता दुसऱ्या फेरीकडे वळू. सात होल झाले तेव्हा माझे ३२ फटके झाले होते. मी मनात आकडे मांडू लागलो, जे या खेळात करू नये असे सगळेच सांगतात आणि सगळेच करतात. पहिले ५६ आणि हे ३२ मिळून ८८. उरलेल्या दोन होलांना प्रत्येकी पाच घेतले तरी ९८. आठव्या होलचे तोंड आग्नेयेकडे आहे. पावणेअकराचा सूर्य समोर उजवीकडे होता आणि मारलेला चेंडू काही अंतरावर त्या उजेडात विरून जाई. मी ड्रायव्हर ही सर्वांत लांब पल्ल्याची काठी घेतली, मूठ सैल धरली आणि मारले. काठीच्या मधोमध चेंडू बसला की हाताला काहीच जाणवत नाही. फक्त आवाज येतो, सुकी शेंग फुटल्यासारखा. तसा आवाज आला. मी मामांकडे पाहिले. “दिसला,” ते म्हणाले, आणि चालू लागले.

चेंडू हरवण्याची शंका असेल तर खेळाडूने जागेवरूनच दुसरा चेंडू मारून ठेवावा, अशी या खेळात सोय आहे. मी ती घेतली नाही. मामांना दिसला म्हणजे दिसला. ते उजवीकडच्या उंच गवताच्या दिशेने चालले होते, आणि आम्ही त्यांच्यामागे. दंतवैद्यांचा मुलगा डावीकडे, त्यांच्या चेंडूपाशी गेला होता. आम्ही गवतात शोधू लागलो. चेंडू शोधण्यासाठी खेळाडूला तीन मिनिटे मिळतात. २०१८ अखेरपर्यंत पाच मिळत. २०१९ पासून खेळ लवकर आटोपावा म्हणून दोन कमी केली. मी घड्याळ लावले होते. मामा पायाने गवत बाजूला सारत होते, थोडे अधिकच जोराने. तीन मिनिटे झाली, आणि मी “गेला” असे म्हणालो. त्यानंतर अर्ध्या-पाऊण मिनिटाने तो मुलगा डावीकडून ओरडला. चेंडू मैदानाच्या डाव्या अंगाला, एका बाभळीच्या अलीकडे, आखूड गवतात अगदी उघड्यावर पडला होता. दोनशे यार्डांहून अधिक गेला होता. इतका लांब चेंडू मी त्या होलवर यापूर्वी एकदाच मारला होता.

“घ्या हो, सापडला ना!” दंतवैद्य म्हणाले. सौजन्याने म्हणाले, आणि स्पर्धा नव्हतीच. मी नको म्हणालो. यात काही थोरवी आहे असे तुम्ही समजू नका. या खेळात पंच बरोबर चालत नाही, खेळाडू आपला दंड आपणच लावून घेतो, आणि एकदा घड्याळ लावले की ते न पाहिल्यासारखे करणे मला जमत नाही. नियमाप्रमाणे तो चेंडू हरवलेलाच होता. एक फटका दंड घेऊन जिथून मारला होता तिथे परत जायचे आणि तेथून तिसरा फटका मारायचा.

परतीचे अंतर फार नव्हते, पण ते आम्ही दोघेच चाललो. मला बोलायचे नव्हते. निम्म्या वाटेवर मामा थांबले आणि खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, जे ते चालताना कधी करीत नाहीत. “साहेब, मला न्हाई दिसला,” ते म्हणाले. मग हळूहळू सारे आले. सहा महिन्यांपूर्वी वाडीत डोळे तपासणीचे शिबिर झाले होते. मोतीबिंदू असेल असे त्यांना वाटत होते. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. या दोन रोगांच्या नावांत एकच बिंदू असला तरी फरक मोठा आहे. मोतीबिंदू काढता येतो. काचबिंदूत डोळ्यातला दाब वाढून नजरेची नस हळूहळू निकामी होते, कडेकडेची नजर आधी जाते, दुखत-खुपत काही नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही. थेंब नियमाने घातले तर उरलेली टिकते, एवढेच. मामा थेंब घालत होते. जवळचे त्यांना दिसत होते; ग्रीन तर ते पायांनीच पाहत. पण आकाशात गेलेला चेंडू आता त्यांच्या हाती लागत नव्हता.

“मग इतके दिवस?” मी विचारले.

“आवाजावरनं कळतं, साहेब. आणि तुमचा चेंडू नेहमी उजवीकडंच जातो.”

वाचकहो, हे वाक्य मी त्या दिवसापासून पुष्कळदा मनात फिरवून पाहिले आहे. खांदा आधी फिरला की चेंडू उजवीकडे वळतो. माझ्या खेळातला हा ११ वर्षांचा दोष हाच सहा महिने त्यांचा आधार झाला होता. त्या सकाळचीच गोष्ट पाहा. पहिल्या नऊ होलांत मी वाईट मारत होतो, तेव्हा चेंडू साठ, फार तर शंभर यार्ड जाऊन उजव्या गवतात पडत होता, आणि मामा न चुकता त्याच्यापाशी जाऊन उभे राहत होते. चहाच्या वेळी त्यांनीच माझा खांदा सुधारला. मग चेंडू लांब आणि सरळ जाऊ लागला, आणि ज्या चेंडूचा आवाज त्या दिवशीचा सर्वांत चांगला होता, तो आपल्या जुन्या अनुभवाच्या भरवशावर ते उजवीकडे शोधत राहिले. कार्डावर माझी जी चांगली नऊ होल दिसतात, ती त्यांच्या दृष्टीने वाईट होती. दुसऱ्या फेरीत चेंडू दाखवताना त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा आणि घाईचा होता, हे मला परतीच्या त्या वाटेवर आठवले.

“मास्तरला सांगू नका,” ते म्हणाले. मास्तर म्हणजे कॅडींच्या पाळ्या लावणारा. चेंडू न दिसणाऱ्या कॅडीचे नाव पाळीत राहत नाही. यात कुणाचा दुष्टपणा आहे असे नाही, कामच तसे आहे. आणि तरीही, ज्या कामात निम्मी विद्या पायांत आहे, त्यातून माणूस केवळ डोळ्यांपायी वजा व्हावा हे मला अजूनही नीट पटलेले नाही. घरी सून आणि दोन नातवंडे आहेत. मुलगा ट्रकवर असतो आणि येतो तेव्हा येतो.

मी तिसरा फटका मारला. तो उजवीकडे गेला, आणि मामा सरळ त्याच्यापाशी जाऊन उभे राहिले. आठव्या होलला सात फटके. नवव्याला पाच, आणि तेही मामांच्या “एक कप उजवीकडून” मुळे, नाही तर सहा होते.

फेरी संपली की दोघांनी एकमेकांची कार्डे तपासून सह्या करायच्या असतात. ही सही साधी नव्हे. १९६८ च्या मास्टर्स स्पर्धेत अर्जेंटिनाच्या रॉबर्टो दे व्हिसेन्झो याने सतराव्या होलला तीन फटके घेतले. त्याचे कार्ड लिहिणाऱ्या सोबत्याने चार लिहिले. दे व्हिसेन्झोने न पाहता सही केली. एकदा सही झाली की लिहिलेला जास्तीचा आकडाच खरा धरतात. अवघ्या एका फटक्याने त्याचे विजेतेपदासाठी बरोबरीत येणे हुकले आणि किताब बॉब गोल्बीला गेला. हजारो लोकांनी ते तीन फटके प्रत्यक्ष पाहिले होते. त्या दिवशी त्याचा पंचेचाळिसावा वाढदिवस होता. ही हकिकत गोल्फ खेळणारे एकमेकांना सांगत आले आहेत, आणि बहुधा कार्ड नीट वाचावे एवढाच बोध त्यातून काढतात. मला त्यात दिसते ते वेगळे. कार्डाला फक्त लिहिलेले कळते, घडलेले कळत नाही.

माझ्या कार्डावर आठव्या होलपुढे सात होते. दंतवैद्यांनी सही करता करता विचारले, “मामांच्या नजरेतून कसा काय सुटला हो? इतका उघड्यावर!” मामा चार हातांवर काठ्या पुसत होते. “सूर्य समोर होता,” मी म्हणालो. सूर्य समोर होताच. त्यात खोटे काही नव्हते. दंतवैद्य मान हलवून म्हणाले की आठव्यावर तो नेहमीच त्रास देतो, आणि विषय त्यांच्या दाढेच्या रुग्णांकडे वळला. काठ्यांवरचा फडक्याचा आवाज थोडा थांबला होता, तो पुन्हा सुरू झाला.

त्या शंभरांचे पुढे काय झाले, तेही सांगतो, कारण हौशी खेळाडूचे मोजमाप हा एक गमतीचा विषय आहे. प्रत्येकाला एक ‘हँडिकॅप’ असतो, म्हणजे पारच्या वर त्याला सुमारे किती फटके लागावेत याचा आकडा. माझा २४. हा आकडा सरासरीने काढत असतील असे कुणालाही वाटेल, पण तसे नाही. २०२० पासून रूढ झालेल्या जागतिक पद्धतीत शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या ८ तेवढ्या धरतात. उरलेल्या १२ नोंदतात आणि सोडून देतात. म्हणजे माझा हँडिकॅप ही माझ्या बऱ्या दिवसांची सरासरी आहे. परिणाम असा की बहुतेक दिवशी मी माझ्याच आकड्याला पोहोचत नाही, आणि जगातला जवळजवळ प्रत्येक हौशी खेळाडू बहुतेक दिवशी खट्टू होऊन घरी जातो. मला ही पद्धत आवडते. इतक्या उदारपणे माझे मोजमाप खात्यात कधीच झाले नव्हते. तिथे सर्वांत वाईट शेरा तेवढा पुढच्या बदलीला बरोबर येत असे. त्या रविवारचे शंभर सोडून दिलेल्या बारांत जाऊन बसले आहेत.

मामांना हँडिकॅप नाही. सभासदाला आकडा मिळतो, कॅडीला नाही, आणि मामांसारखा जन्मभर पिशवी वाहिलेला माणूस कुठल्याच यादीत नसतो. असे म्हणताना मला अली शेरचे नाव आठवते. दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून वाढलेल्या या माणसाने १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली. त्याआधी ती जिंकलेला भारतीय एकच, १९६५ मधले पी. जी. सेठी, आणि ते हौशी खेळाडू होते. सेठींसारखे हौशी खेळाडू ज्या वाटेने येतात ती आणि अली शेरची वाट यांत केवढे अंतर आहे, याचा विचार करायला आमच्या मैदानावरची एक सकाळ पुरते. मामा सोमवारी खेळतात. सोमवारी मैदान सभासदांना बंद असते आणि कॅडींना मोकळे. माझी जुनी सात नंबरची काठी आणि कुणाची तरी झिजलेली आणखी दोन, एवढ्यावर त्यांनी वर्षानुवर्षे पारच्या आसपास नऊ होल काढलेले आहेत. मी ते ऐकून होतो, पाहिले नव्हते.

आमची आता एक व्यवस्था बसली आहे. मी भडक पिवळे चेंडू वापरतो. जवळ आल्यावर तेही मामांना बरे पडतात. फटका मारल्यावर मान वर करण्याची घाई न करता, काठी पुरती फिरू देऊन, मग मी स्वतः चेंडू पाहतो आणि “बाभळीच्या अलीकडे” किंवा “पाटाजवळ” असे हळूच सांगतो. मामा “दिसला” म्हणतात, इतरांना ऐकू जाईल असे. खांदा अधूनमधून पुन्हा पळतो आणि फेऱ्या विषम होतच आहेत. परवा ४८ आणि ५५ झाले, या वेळी उलट्या क्रमाने. थेंब संपत आले की मी शहरातून आणतो. तालुक्याच्या दुकानात ते नेहमी नसतात आणि एक दिवसही चुकवून चालत नाही. ही व्यवस्था किती दिवस चालेल हे मामांच्या डॉक्टरांनाच विचारले पाहिजे. दर तीन महिन्यांनी आम्ही दोघे त्यांच्याकडे जातो. मास्तरला कळले आहे की नाही, याचा मला अंदाज येत नाही. मामांची पाळी हल्ली तो दर वेळी माझ्याच नावापुढे लावतो.

पौषातल्या एका सोमवारी मी मामांचा खेळ पाहायला गेलो. सभासदाने सोमवारी मैदानावर येऊ नये असा दंडक आहे. मी काठी घेतली नव्हती, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही. मामांची काठी फिरवण्याची तऱ्हा फार साधी आहे, विहिरीतून पोहरा ओढावा तशी, कुठेही झटका नाही. ग्रीनवर त्यांना माझी गरज नव्हती. आठव्यावर त्यांनी सात नंबरने मारले. आवाज तोच, सुकी शेंग फुटल्यासारखा. मी डोळ्यांवर हात धरून पुढे साठ पावलांवर उभा होतो, आणि चेंडू उजेडातून बाहेर येऊन पडताना मला स्वच्छ दिसला.

“कुठं पडला?” मामांनी मागून हाक दिली.

“सरळ! बाभळीच्या अलीकडे, वीस पावलं!”